टोलेबाबांचा सोटा आणि कॅप्टन रणधुमाळ

त्या रविवारी भिगवणच्या बाजारतळावर मासळीपेक्षा माणसंच जास्त होती. मांडवात टोलेबाबा सोटा घेऊन उभे होते आणि समोर शिष्य भीमा गुडघ्यांवर बसला होता. बाबांनी आधी एक काचेची बाटली भीमाच्या टाळक्यात फोडली. खळ्ळकन तुकडे उडाले. मग सोटा घातला. धाडकन आवाज झाला, कपाळावरून लालभडक ओघळ आला आणि भीमा आडवा झाला. बाबांनी एक अख्खं भजन म्हटलं आणि दुसरा टोला दिला. भीमा ताडकन उठून सात पिढ्यांची नावं घडाघडा सांगू लागला. लोकांनी हात जोडले.

"पहिल्या टोल्यानं जातं, दुसऱ्या टोल्यानं येतं," बाबा म्हणाले. "डोकं म्हंजी डबा. झाकण अडकलं की ठोकायचं. लय शिकल्यालं डोकं आसंल तर दोनदा ठोकायचं. ह्ये मी न्हाय सांगत, पुस्तकात लिव्हलंय. कॅप्टन रणधुमाळची याददाश्त गेलती, कशानं आली? टोल्यानं."

गर्दीत मागे उभ्या असलेल्या आनंदरावांचे कान गरम झाले. बारामतीच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवता शिकवता त्यांनी सव्वीस साहसकथा लिहिल्या होत्या, आणि रणधुमाळ हा त्यांचाच नायक. त्याच्या डोक्यात आजवर पिस्तुलाचा दस्ता, वल्हं, कुदळीचा दांडा आणि एकदा पितळी समई बसली होती. दर वेळी डोळ्यांपुढे काजवे चमकत, प्रकरण संपे, आणि पुढच्या प्रकरणात तो डोकं चोळत उठून चार गुंडांना लोळवी. प्रकरण संपवायची ती आनंदरावांची सोपी युक्ती होती. त्यावर कुणी दवाखाना काढील असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

त्यांना बोलावलं होतं मेहबूबबीनं. तिचे यजमान बादशाहभाई मासळीचे व्यापारी आणि रणधुमाळचे पहिल्या पुस्तकापासूनचे वाचक. महिन्यापूर्वी बर्फाच्या पेट्या उतरवताना ते टेम्पोतून पडले. डोकं आपटलं, पण खोक पडली नाही. रणधुमाळ उठतो तर आपण का नाही, असं म्हणून ते पाणी पिऊन कामाला लागले. आता मात्र ते चिलापीला रोहू म्हणत, डावा पाय ओढत, भरदिवसा झोपत. परवा तर त्यांनी मेहबूबबीलाच विचारलं, "तुमी कुठल्या गावच्या?"

"आनंदराव, तुमी लिवनारे," मेहबूबबी म्हणाली. "बाबांना सांगा, टोला नेमका कुठं द्यायचा. ह्यांचा नंबर तिसरा हाय."

बादशाहभाई बाकावर डोकं धरून बसले होते. आनंदरावांना पाहून ते ओळखीचं हसले, पण नाव त्यांना आठवलं नाही. ते हसू आनंदरावांच्या काळजात रुतलं. त्यांनी बाजूला जाऊन बादशाहभाईंच्या भाचीला, आपल्या जुन्या विद्यार्थिनीला, बारामतीच्या डॉक्टर समिनाला, फोन लावला.

"पडले होते हे मला कुणी सांगितलंच नाही," समिना म्हणाली. "सर, मामूंच्या डोक्यात रक्त साकळलं असणार. म्हातारपणी ते हळूहळू साकळतं, महिन्यानं दिसतं. आणखी एक टोला बसला तर मामू उठणार नाहीत. मी निघालेच. तोवर त्यांच्या डोक्याला कुणाला हात लावू देऊ नका."

"पण समिना, आपला रणधुमाळ..."

"सर, तुमचा रणधुमाळ तिसऱ्याच पुस्तकात गेला असता."

आनंदराव मांडवाशी परतले तेव्हा पहिला रोगी टोला खाऊन कण्हत उतरत होता. आता काय करावं या विचारात त्यांनी खाली पाहिलं, तर मुंग्यांची एक रांग बाटलीच्या काचा ओढून नेत होती. ते पाहतच राहिले. भूगोलात काय किंवा साहसकथेत काय, काच खाणारी मुंगी त्यांना कधी भेटली नव्हती. त्यांनी एक तुकडा उचलून जिभेला लावला आणि सरळ व्यासपीठावर चढले.

"बाबा, रणधुमाळ लिहिणारा मीच."

टोलेबाबा हरखले. "गुरुदेव," म्हणत त्यांनी पायच धरले. आनंदरावांनी तेवढ्यात मूठभर काच तोंडात टाकून कराकरा चावली.

"आनंदराव, थुका, थुका," मेहबूबबी ओरडली.

"कशाला थुंकू? साखर आहे," ते म्हणाले. "पाक आटवायचा, साच्यात ओतायचा, झाली बाटली. तुम्हीही चाखा."

लोकांनी चाखली. दोघांनी तर पुन्हा चाखली. आनंदरावांनी गाड्यावरून सोड्याची रिकामी बाटली मागवली आणि बाबांच्या हातात दिली. "आता ही फोडा."

भीमा बाटलीकडे बघून हळूच मागे सरकला. "बाबा, ही खरी हाय," म्हणाला आणि पलीकडून उतरला.

मग सोट्याची पाळी आली. आनंदरावांनी तो दोन बोटांनी दाबला तर मधोमध वाकला. आत स्पंज, वर रंगवलेलं कापड. पडद्यामागे एकजण फळीवर फळी आपटायला बसलेला सापडला. भीमाच्या कपाळावरचं रक्त म्हणजे लाल रंग घातलेला पाकच. आणि आसनाखाली दुसरा सोटा निघाला, खऱ्या बाभळीचा.

"ह्यो कशाला?" कुणीतरी भीमाला धरून आणून विचारलं.

"ह्यो भक्ताला," भीमा खालमानेनं म्हणाला. "त्याला कायतरी लागल्यासारखं वाटाया पायजे ना."

मेहबूबबीनं तो सोटा हातात घेऊन वजन पाहिलं आणि नवऱ्याच्या डोक्यावर आपला तळहात ठेवला.

तेवढ्यात समिना पोचली. तिनं मामूंच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि त्यांना गाडीत बसवलं. बाबांना लोकांनी बोलावलेले पोलीस घेऊन गेले. स्कॅनमध्ये बोटभर जाडीचं साकळलेलं रक्त दिसलं. पुण्याला कवटीला दोन बारीक भोकं पाडून ते काढलं. तिसऱ्या दिवशी बादशाहभाईंनी मेहबूबबीला नावानं हाक मारून चहा मागितला, आणि ती बाहेर जाऊन रडून आली.

पुढच्या रविवारी आनंदराव त्याच बाजारतळावर उभे राहिले.

"चूक माझीही आहे," ते म्हणाले. "डोकं म्हणजे डबा नाही. मार बसून माणूस क्षणभर जरी बेशुद्ध पडला, ओकला, बरळला, पेंगुळला, तर दवाखाना गाठा. महिन्यानं विसरायला लागला तरी गाठा. टोल्यानं आठवण येत नाही. मी लिहिलं म्हणून मानू नका, आणि कुणी करून दाखवलं म्हणूनही मानू नका. आधी हातात घेऊन, दाबून बघा."

त्यांचं सत्ताविसावं पुस्तक नुकतंच आलं. त्यात रणधुमाळच्या डोक्यात तिसऱ्या पानावर दांडा बसतो आणि तो शेवटच्या पानापर्यंत दवाखान्यातच असतो. बादशाहभाईंनी ते एका बैठकीत वाचून काढलं.

"लय कंटाळवानं हाय," ते म्हणाले. "पन पैल्यांदाच खरं वाटलं."