ठेवायला दिलेले टी-शर्ट

"आठवण म्हणून काहीतरी घ्या ना," मास्तरचा भाऊ म्हणाला. "इतकी वर्षं तुम्ही माझ्या बहिणीला सोबत केलीत. तुम्हाला रिकाम्या हाताने पाठवायचं आमच्या जिवावर येतं."

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. बसच्या पाळीवरून नुकत्याच आल्या होत्या, अंगावर कंडक्टरचा गणवेश तसाच होता. 'सोबत' हा शब्द त्यांनी मुकाट्याने गिळला. मास्तरला जाऊन अजून महिनाही झाला नव्हता. घर तिच्या आईच्या नावावर होतं, त्यामुळे ते आता भावाकडे जाणार होतं. भाऊ वाईट माणूस नव्हता. घाई नाही, सावकाश जागा बघा, असं त्याने आपणहून सांगितलं होतं. पण त्याला आणि त्याच्या बायकोला घरात कपाटं उघडताना पाहून बाईंनीच घाई केली होती आणि डेपोच्या मागे एक खोली बघून ठेवली होती.

"कात्री नेते," बाई म्हणाल्या. "तिची मोठी कात्री."

"एवढंच?"

"एवढंच पुरे."

तेवढ्यात भावाची बायको शिवणाच्या खोलीतून बाहेर आली. तिला बाईसुद्धा वहिनीच म्हणत. "त्या भिंतीतल्या कपाटात एवढे टी-शर्ट कुणाचे हो? खालपासून वरपर्यंत नुसते ठासून भरलेत."

बाईंनी पुढे होऊन शिवणाच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"गिऱ्हाइकांचे," त्या म्हणाल्या. "दुरुस्तीला आलेले. ते कपाट राहू द्या, वहिनी. रविवारी मी आवरीन."

"बरं," वहिनी म्हणाली.

खरं सांगायला तोंड उघडलं असतं तर ते कुठून सुरू करायचं हेच बाईंना कळलं नसतं.

मास्तर कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायची. बेतणाऱ्याला तिथे मास्तर म्हणत. तिच्याआधी ते काम कुठल्याच बाईने केलेलं नव्हतं, त्यामुळे वेगळा शब्द शोधायची तसदी कुणी घेतली नाही. बाईंना तर सगळी बसच बाई म्हणायची. दोघी एकत्र राहायला लागल्यावर मित्रमंडळी म्हणायची, एका घरात मास्तरही आणि बाईही, इथे यायचं म्हणजे शाळेत आल्यासारखं वाटतं, पाटी-पेन्सिल विसरलो तर उभं कराल. आणि तरी सगळे यायचे, कारण जायला दुसरी जागा नव्हती.

पहिला मोर्चा निघाला तेव्हा दोघी तरुण होत्या. माणसं मूठभरच. बघ्यांचीच गर्दी जास्त होती. मास्तरने कारखान्यातल्या उरल्यासुरल्या कापडातून सगळ्यांना टी-शर्ट शिवले होते आणि न्हाणीघरात बसून त्यांच्यावर अक्षरं छापली होती. पुरुषावर प्रेम करणारे पुरुष, बाईवर प्रेम करणाऱ्या बायका, आणि आम्ही तुमच्याच गल्लीत राहतो, असा काहीसा मजकूर होता. पावसाळी हवेत रंग नीट वाळला नाही. मोर्चा संपेपर्यंत सगळ्यांच्या छातीला निळं लागलं होतं.

संध्याकाळी सगळे ह्याच घरी आले, हसले, खिदळले, आणि निघायच्या वेळी गप्प झाले. तेव्हा नव्याने नोकरीला लागलेला एक पोस्टमन त्यांच्यात होता. तो दारात थबकून म्हणाला, "माझ्या घरी आई कपडे धुते. हा मी कुठे धुऊ?"

"दे इकडे," मास्तर म्हणाली. "पुढच्या वेळी घेऊन जा."

मग एकेकाने टी-शर्ट काढून तिच्या हातात दिला आणि घरून घालून आलेला सदरा चढवला. मास्तरने ते सगळे धुतले, उलटे करून, अक्षरं आत राहतील अशा घड्या घातल्या आणि प्रत्येकाच्या आतल्या शिवणीला वेगवेगळ्या धाग्याचा एकेक टाका घातला. कुणाचा कुठला, ते फक्त तिलाच कळायचं.

जमवायचं असं कुणी ठरवलेलं नव्हतं. लोक ठेवायला देत गेले एवढंच. दुसऱ्या मोर्चाचे आले. फोनवर लोकांची गाऱ्हाणी ऐकणाऱ्यांच्या गटाने स्वतःसाठी काढलेले आले. ज्या चहावाल्याने आपल्या मागच्या खोलीत त्यांना संध्याकाळी बसू दिलं, त्याचं दुकान बंद झालं तेव्हा त्याच्या नावाचेही काढले. काही जण पुढच्या वेळी येऊन आपला टी-शर्ट मागून घेत, दिवसभर मिरवत आणि परत देऊन जात. काहींची लग्नं लावून दिली गेली. ते आले नाहीत. मग आजाराची वर्षं आली आणि कपाटात न्यायला कुणी येणार नाही अशा घड्या वाढत गेल्या. पोस्टमनचा जोडीदार इस्पितळात नर्स होता. तो गेला तेव्हा त्याच्या घरच्यांनी पोस्टमनला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. त्याची एकही वस्तू दिली नाही. मास्तरच्या कपाटात होता तो टी-शर्ट तेवढा राहिला.

फोटो कुणी काढू देत नसे. चेहरा ओळखू येईल ही भीती होती. टी-शर्टाला चेहरा नव्हता.

गेल्या वर्षी शहरातल्या मोठ्या ग्रंथालयातून एक बाई आली. सगळं कपाट बघून झाल्यावर तिने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, हा इतिहास आहे, आम्ही जपून ठेवू.

"इतिहास कसला?" मास्तर म्हणाली. "लोकांचे कपडे आहेत. मालक आले की द्यायचे."

पण अंथरुणाला खिळल्यावर तिने स्वतःच विषय काढला. "मी गेल्यावर त्या ग्रंथालयवालीला दे सगळे. पण दादाला कळू देऊ नकोस. माझं म्हणावं असं एवढं एकच माणूस उरलंय. मेल्यावर तरी त्याने मला टाकू नये."

"नाही कळू देणार," बाई म्हणाल्या होत्या.

म्हणून रविवार ठरला होता. भाऊ आणि वहिनी त्या दिवशी नातलगांकडे जाणार होते. पोस्टमन टेम्पो घेऊन येणार होता.

शनिवारी बाई पाळी संपवून घरी आल्या तेव्हा शिवणाच्या खोलीचं दार उघडं होतं. कपाट रिकामं होतं. नुसतं रिकामं नव्हे, ओल्या फडक्याने पुसलेलं, आणि फळ्यांवर नवा कागद घातलेला.

वहिनी ओट्याशी चहा करत होती. "जुन्या कपड्यांच्या संस्थेची गाडी आली होती," ती म्हणाली. "म्हटलं, तुमचा एक व्याप कमी होईल. गिऱ्हाइकांचे म्हणालात ना तुम्ही? इतकी वर्षं जे न्यायला आले नाहीत ते आता काय येणार."

वहिनीने कप बाईंपुढे सरकवला, बाहेरच्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"दोन-चार मी उलगडून बघितले. वाचलं मी काय लिहिलं होतं ते." ती बाईंकडे न बघता बोलत होती. "ह्यांना दाखवलं नाही. कधी सांगणारही नाही. गेलेल्या माणसाची लाज आपण नाही राखायची तर कुणी राखायची? तुमचीही राखली मी. काळजी करू नका."

बाईंना चीड यायला हवी होती. त्या तिची वाट बघत उभ्या राहिल्या, पण वहिनी मनापासून बोलत होती. आपण कुणाचं तरी भलं केलं आहे, असा थकवा तिच्या तोंडावर होता.

"त्यात लाज नव्हती," बाई म्हणाल्या.

वहिनीने नळ सोडला होता. तिला ऐकू आलं नसावं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तो रिकामाच परत गेला. सोमवारी बाईंनी रजा टाकली आणि पोस्टमनला घेऊन त्या संस्थेच्या गोदामात गेल्या. पत्र्याची मोठी शेड होती. आत कपड्यांचे डोंगर होते आणि त्यांच्या पायथ्याशी बायका बसून कपडे निवडत होत्या. मुकादमाने त्यांचं बोलणं नीट ऐकून घेतलं.

"सुती टी-शर्ट म्हणजे इथे फार दिवस राहत नाही, मावशी. धड असले तर वाटायला जातात, बांधकामांवर, वस्त्यांवर. विटलेले असले तर कापून गॅरेजवाल्यांना. तेल पुसायला बरे पडतात."

"शनिवारी आले होते," बाई म्हणाल्या.

"मग गेले असतील. बघायचं तर बघा बापडे."

त्यांनी पाहिलं. ज्या ढिगात टी-शर्ट दिसला त्या ढिगात हात घातला. कुठल्या शाळेचे, कुठल्या सिमेंटच्या जाहिरातीचे, कुणाच्या सहलीचे टी-शर्ट निघाले. निवडणाऱ्या बायकांनीही थोडा वेळ मदत केली, मग त्यांची जेवायची वेळ झाली. पोस्टमनचे गुडघे दुखत होते. तो एका बांधलेल्या गाठोड्यावर बसला.

"तू बोलली का नाहीस?" त्याने विचारलं.

"तिला शब्द दिला होता."

"आणि त्या वहिनीला कळलंच."

"हो."

"म्हणजे शब्दही गेला आणि कपडेही गेले."

बाईंनी मान हलवली. वरच्या पत्र्यावर कावळा चालत असल्याचा आवाज येत होता.

"त्याचाही त्यातच होता ना?" पोस्टमन म्हणाला. त्याला माहीत होतं, तरी त्याने विचारलं.

"हो."

"खांद्याला उसवला होता. मास्तर किती वेळा म्हणाली, दोन मिनिटांचं काम आहे, शिवते. मीच शिवू दिला नाही." त्याने खालच्या गाठोड्याची सैल गाठ आवळली. "विटलाच होता म्हणा. तेल पुसायलाच गेला असणार."

तो रडला नाही. बाईंना वाटलं, रडला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर पोस्टमन येईनासा झाला. नव्या खोलीत कपाटच नव्हतं, एक खाट आणि एक ट्रंक एवढंच होतं. पण एकदा फोनवर तो म्हणाला, "तुझ्याकडे आलो की मला ते कपाट दिसतं. काही दिवस राहू दे." बाई बरं म्हणाल्या. ग्रंथालयातल्या बाईने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एकही नाही?" आठवेल तसं सांगाल का, असंही तिने विचारलं. दोन दिवस बाई तिच्यापुढे जाऊन बसल्या. रंग आठवत होते. पण कुणाचा कुठला, हे विचारलं की त्यांची मान सवयीने शेजारच्या खुर्चीकडे वळायची. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या नाहीत.

भावाने खोलीवर येऊन एकदा विचारपूस केली. मास्तरचा मोठा केलेला फोटो त्याने घरात लावला होता. "तिचं लग्न झालं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "एकटीच राहिली बिचारी." बाईंनी त्याला पाणी दिलं.

बाईंच्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते. एका दुपारी बांधकामाच्या थांब्यावर मजूर चढले, सिमेंटने पांढरे झालेले. त्यांच्यात एक दांडगा माणूस होता. त्याच्या अंगात निळा टी-शर्ट तटतटला होता. छातीवर विरलेल्या पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता : बुधवार.

बाई गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे सरकल्या.

व्हॉलीबॉलचा संघ होता तो, बायकांचा. शाळेचं मैदान त्यांना फक्त बुधवारी संध्याकाळी मिळायचं, म्हणून बुधवार. उघडपणे छापता येईल असं दुसरं नाव सुचलं नव्हतं. खेळायला येत नसे कुणालाच. खेळाच्या निमित्ताने घरातून निघता यायचं, आणि अंधार पडला की मैदानाच्या कडेला एकमेकींच्या शेजारी बसता यायचं.

"काय राव," पुढच्या बाकावरचा एक जण त्या मजुराला म्हणाला, "आज गुरुवार. चुकीच्या दिवशी घातलास."

आसपासची माणसं हसली. मजूरही हसला. "आपल्याला काय, साइटवर वाटले तेव्हा हा हाती आला. सुती आहे, घाम जिरतो." मग समोर आलेल्या बाईंकडे वळून त्याने विचारलं, "काय असेल हो हे, बाई? बुधवार म्हणजे?"

"संघाचं नाव आहे," बाई म्हणाल्या. "व्हॉलीबॉलच्या."

"अस्सं? जिंकायचे का?"

"नाही. एकदाही नाही."

पुन्हा हशा पिकला. त्याने तिकीट घेतलं आणि वरची दांडी धरायला वळला. पाठीवर नऊचा आकडा होता.

नऊ नंबर कुणाचा? बाई आठवू लागल्या. बँकेतलीचा चार होता. ज्या दोघी बहिणी आहोत असं सांगायच्या त्यांचे पाच आणि सहा. मास्तरचा एक, कारण शिवले तिने. नऊ नंबरवाली उंच होती का? पहिल्यांदा आली तेव्हा गेटाबाहेर नुसतीच घुटमळत होती, ती हीच का? तिचे हात डोळ्यांपुढे आले, चेंडू झेलायला पुढे केलेले. चेहरा आला नाही. विचारावं असं एकच माणूस होतं.

बस थांब्यावर थांबली. मजूर उतरले आणि रस्ता ओलांडायला लागले. मधल्या गाड्यांमधून ती निळी पाठ दिसत होती, नाहीशी होत होती, पुन्हा दिसत होती. ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं. प्रवासी माना वळवू लागले. कुणीतरी म्हणालं, "चला बाई, उशीर होतोय."

बाईंचा हात घंटीच्या दोरीवर होता. पाठ पलीकडे पोचेपर्यंत त्या थांबल्या, आणि मग त्यांनी दोरी ओढली.