तीन रिंगा

विभावरी साडेपाचला ऑफिसातून सुटायची आणि अल मनखूल भागातल्या घरापर्यंत चालत येताना जुलैच्या उन्हात तिचा निम्मा जीव जायचा. उरलेला निम्मा घेऊन ती फोनपाशी बसायची. उचलायला नाही हं, नुसत्या रिंगा मोजायला.

तिची अकरा वर्षांची इरा तीन आठवड्यांसाठी नाशिकजवळच्या शिबिरात गेली होती. माहितीपत्रकात व्यक्तिमत्त्व विकास वगैरे छापलं होतं. ते सोडा. खरं कारण एवढंच की शाळेला सुट्टी, आईबाप कामावर आणि पोरगी दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी टीव्हीसमोर. विभावरी घरी आली की इरा बोलायला धावायची. विभावरी सोफ्यावर अंग टाकून म्हणायची, "आत्ता नको गं बाळा, दमलेय." मग ते आत्ता कधी संपायचंच नाही. जेवण, भांडी, उद्याचे डबे, आणि दिवस खलास.

निघताना राजनने लेकीला रीत समजावून दिली होती. गल्फमधल्या घरांत ती सगळ्यांना पाठच असते. तीन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायचा, म्हणजे सगळं ठीक. इकडच्यांनी उचलायचा नाही, म्हणजे बिल नाही. काही बिनसलं तरच वाजत ठेवायचा. शिबिराच्या फाटकासमोर फोनचा बूथ होता, तिथून रोज साडेसातला म्हणजे इथल्या सहाला.

पहिले सहा दिवस रिंगा आल्या. कधी सहा वाजून दहा मिनिटांनी, कधी पंचवीस, एकदा तर पावणेसात. तोवर विभावरीचा जीव टांगणीला. विहिरीत पडली असेल, रस्ता चुकली असेल, मन चिंती ते वैरी न चिंती. मग तीन रिंगा वाजायच्या आणि ती उठून कुकर लावायची.

सातव्या दिवशी रिंगा सहाच्या ठोक्याला आल्या. आठव्या दिवशी सहाच्या ठोक्याला. नवव्या, दहाव्या दिवशीही तसंच.

"बघ, शिस्त लागली पोरीला," राजन पेपरमागून म्हणाला.

"इराला?" विभावरी म्हणाली. "जन्माला आली तीही दहा दिवस उशिरा. कुठेतरी पाणी मुरतंय, राजन."

"रिंगा आल्या ना? मग झालं. उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस."

पण तिला रात्री झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने एकच पत्र दोनदा फॅक्स केलं. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला फोन वाजला. एक. दोन. तिने उचलला.

पलीकडे कुणीतरी दचकलं. मग एका अनोळखी मुलीचा आवाज आला, "आंटी, यू आर नॉट सपोज्ड टु पिक अप."

"कोण तू? इरा कुठे आहे?"

"आय ॲम एमान. इराज रूममेट. फ्रॉम शारजा." पोरगी रडकुंडीला आली होती. मग तिने भडाभडा सांगून टाकलं. इराला पाच दिवस ताप होता, ती सिकरूममध्ये होती. मॅडम म्हणाल्या साधा व्हायरल आहे, घरच्यांना घाबरवायला नको. आज ताप उतरला होता, सकाळी तिने खिचडी खाल्ली होती. रिंगा द्यायला इरानेच सांगितलं होतं, बरोबर साडेसातला, विसरायचं नाही.

"अगं, पण मला का नाही कळवलं तिने?"

"शी सेड, डोन्ट टेल मम्मी. मम्मी इज ऑलरेडी सो टायर्ड."

आपण इतकी वर्षं सोफ्यावरून जे म्हणत आलो ते पोरीने तापातसुद्धा मनाशी धरून ठेवलं, याची विभावरीला भयंकर लाज वाटली. राजन पेपर खाली ठेवून उभा राहिला होता.

"एमान, बेटा, तू खूप चांगली आहेस," ती म्हणाली. "इराला सांग, उद्या रिंगा द्यायच्या नाहीत. फोन वाजत ठेवायचा."

मग तिने शिबिराच्या मॅडमना फोन करून मनसोक्त झापलं, पण त्याने काही बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहा वाजले. सव्वासहा झाले. राजन घड्याळाकडे बघत राहिला, विभावरीने मात्र एकदाही तिकडे पाहिलं नाही. सहा वाजून बावीस मिनिटांनी फोन वाजला, आणि तिने पहिल्याच रिंगला उचलला.

पलीकडून बारीक आवाजात, "मम्मी? आर यू टायर्ड?"

"हो गं, दमलेय," विभावरी म्हणाली आणि फोन मांडीवर ओढून तिथेच फरशीवर बसली. "तू बोल."