हिरवा पडलेला फिरोजा

मी फिरोजाचा खडा बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, मला कुणाची नजरबिजर लागलेली नाही. मी फक्त तेल प्यायलोय. तेवीस वर्षं, रोज थोडं थोडं!

जन्म माझा इराणातल्या निशापूरचा. तिकडे पाऊस म्हणजे क्वचित येणारा पाहुणा. पण आला की खडकाच्या भेगांतून खाली झिरपतो. वाटेत तांबं विरघळवून घेतो, अ‍ॅल्युमिनियम आणि फॉस्फेट गोळा करतो, आणि पाणी सुकलं की भेगेत मागे उरतो तो मी. किती काळ लागला विचारू नका, मी मोजत नव्हतो. निळा रंग तांब्याने दिला. ज्यांच्या वाट्याला लोखंड जास्त येतं, ते जन्मापासूनच हिरवट. इजिप्तमध्ये, अमेरिकेत आमची भावकी आहे, सगळी कोरड्या मुलखातली. आणि मी येऊन पडलो कुठे, तर घाटकोपरला, जिथे पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत!

तिथल्या मालनला मुलगी झाली, दीप्ती, तेव्हा एका ज्योतिष्याने मला मालनच्या बोटात घालायला लावलं. "लेकीवरचं संकट हा खडा ओढून घेईल. रंग बदलला तर जपा," असं सांगून तो मोकळा झाला. मी दोन्हीकडून सारखा चपटा घासलेला. मला चांदीच्या अंगठीच्या कोंदणात बसवलं, खालून बंद.

मालन जेवणाचे डबे करते. रोज बांगडा, सुरमई, खोबऱ्याचं वाटण. बाईने मला कधी काढून ठेवलं असेल तर शपथ! तेलाचे हात, हळदीचे हात, मग भांड्यांचा साबण. आम्ही दिसायला दगड, पण अंगभर बारीक छिद्रं, मिळेल ते पितो. तिच्या हातचं झकास असतं, तक्रार नाही. पण रंगाची पार वाट लागली.

कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आलं ते नेमकं दीप्तीला नोकरी लागली त्या दिवशी. पोरगी भूगर्भशास्त्र शिकलेली. राजस्थानातल्या तांब्याच्या खाणीवर बोलावणं आलं होतं. शेजारची सुगंधा पेढा घेता घेता मालनच्या हाताकडे बघून ओरडली, "अगो मालन, तुझो खडो हिरवो पडलो!"

झालं! पेढ्यांच्या डब्याला झाकण लागलं.

"तू खाणीवर जायचं नाय."

"आई, सोमवारी हजर व्हायचंय यार!"

"नाय म्हणजे नाय गो. खडो सांगता हा."

अहो, मी काही सांगत नव्हतो! पण मला तोंड कुठे? दोन दिवस घरात अबोला. अर्धवट भरलेली बॅग पलंगावर तशीच. पोरीच्या हातातोंडाशी आलेला घास माझ्यामुळे जाणार म्हणून मला इतकी लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी दीप्तीने आईचा हात ओढून नाकाशी धरला. "याला बांगड्याचा वास येतोय गं!" मालनला हसू आलं, तिने ते दाबलं.

"चल सोनाराकडे," दीप्ती म्हणाली. "संकट ओढलं असेल तर सगळाच हिरवा असेल. तेलाने झाला असेल तर खालून निळा निघेल. निळा निघाला तर मी जाणार."

"आणि हिरवा निघाला तर?"

"नाही जाणार."

माझी पाचावर धारण बसली. स्वतःची पाठ मी तरी कुठे पाहिली होती?

सोनाराने कोंदण उकलून मला पालथं केलं. निळा! निशापूर सोडलं तेव्हा होतो तसा.

दीप्तीने सोनाराच्या दुकानातच उडी मारली. मालन मात्र हळूच म्हणाली, "माका खड्याचा भय नव्हता गो. तू लांब जातंस, ताच भय होता."

दीप्तीने तिथेच आईला मिठी मारली.

"कुठली बाजू वर घेऊ?" सोनाराने विचारलं.

"निळी," मालन म्हणाली. "अंगठी हिच्या बोटाच्या मापाची करा. आणि खालून उघडी ठेवा. हिरवी बाजू हिच्या बोटाला लागू दे. माझ्या हातचं जेवण आहे ते."

आता मी राजस्थानात आहे, दीप्तीच्या बोटात. कोरडी हवा, पायाखाली तांबं, अगदी माहेरी आल्यासारखं वाटतं. रोज संध्याकाळी मालनचा व्हिडिओ कॉल येतो. पहिला प्रश्न ठरलेला, "खडो दाखव बघू!" दीप्ती हात पुढे करते, आणि मालन माझ्याकडे बघायचं सोडून लेकीचा चेहराच बघत बसते.

दीप्ती, एकच मागणं आहे. तू शिकलेली, म्हणून फोडणी घालायच्या आधी मला आठवणीने काढून ठेवतेस. नको ठेवूस. दुसरी बाजूही हिरवी होऊ दे की!