हाजी मुतशरची पिशवी

हाजी मुतशरच्या रक्ताची पिशवी डॉक्टर लुअय स्वतःच्या हातांनी घेऊन आले, तेव्हाच पिशव्या तपासणाऱ्या सुंदुसचं डोकं तापलं. एरवी रक्तपेढीत पिशवीला नाव नसतं, नुसता क्रमांक. हिच्याबरोबर मात्र फोटोसुद्धा निघाला होता. मोहरमच्या दहाव्या दिवशी, आशुराला, इमाम हुसेनच्या नावानं इराकच्या बसऱ्यात लोक रांगा लावून रक्त देतात. त्या तंबूत हाजी बाही सारून बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे रक्त वाडवडिलांपासून स्वच्छ आहे." तो टोला कुणाला होता, हे शेजारीच पिशव्यांना चिठ्ठ्या लावणाऱ्या सुंदुसला पक्कं कळलं.

हाजी तिच्या बहिणीचा, बुशराचा सासरा. बुशराची लेक रुसुल सिकलसेलची. हाडं दुखली की पोर रात्र रात्र कण्हते, आणि रक्त चढवल्यावाचून तिचं चालत नाही. आजार कळला तेव्हा हाजीनं भरल्या बैठकीत सांगितलं होतं, हा डाग सुनेच्या माहेरचा, आमच्यात असलं काही नाही. नवरा मान खाली घालून बसला. बुशरा लेकीला उचलून माहेरी आली ती आलीच. आता नवऱ्याचं दुसरं लग्न ठरलं होतं, हाजीच्या सख्ख्या भावाच्या मुलीशी.

डॉक्टर म्हणाले, पिशवी गाळून झालीय, उरलेल्या पांढऱ्या पेशी मोजून टाक, हाजींना प्रशस्तिपत्र द्यायचंय.

परक्याच्या पांढऱ्या पेशी अंगात गेल्या की रुसुलसारख्या पोरांना हुडहुडी भरते, ताप चढतो, आणि पुढे पुढे रक्त मानवेनासं होतं. म्हणून रक्त गाळणीतून सोडायचं, आणि गाळणीनं काम केलं की नाही हे डोळ्यांनी बघायचं. सुंदुसनं थेंबभर रक्त रंगात मिसळलं. त्या रंगात तांबड्या पेशी फुटून जातात, पांढऱ्या तेवढ्या निळ्या होऊन उरतात. पेशी मोजायची रेघांची काच भरून तिनं ओल्या कागदावर झाकून ठेवली. पेशी तळाला बसू द्याव्या लागतात, घाई केली तर काच खोटं बोलते. मग तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चांगल्या पिशवीत एखादी पेशी ईदच्या चंद्रासारखी शोधावी लागते. इथे वारूळ फुटलं होतं.

दुसरी काच भरली, तेच. गाळणीला दोष द्यावा तर त्याच खोक्यातल्या गाळण्यांच्या बाकी पिशव्या चांगल्या निघाल्या होत्या. मग तिला उमगलं. सिकलसेलचा नुसता वाहक माणूस धडधाकट असतो, पण त्याचं रक्त गाळणीत नीट गाळलं जात नाही. अशा पिशवीला सिकलची चाचणी लावायचीच असते. तिनं लावली. नळीतलं पाणी गढूळ झालं, मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनात, म्हणजे रक्तात सिकल होतं.

हा आजार आईबाप दोघांकडून येतो, हे तिला ठाऊकच होतं; हाजीच्या घरातला वाटा आता नळीत दिसत होता.

डॉक्टरांनी नळी पाहिली आणि आधी दार लोटलं. त्यांचं म्हणणं पडलं की पिशवी गुपचूप जाळायला पाठवावी, प्रशस्तिपत्र द्यावं, मोठ्या माणसाला दुखवू नये.

"हाजींच्या मुलाचं लग्न चुलत बहिणीशी होतंय, डॉक्टर. तीही वाहक निघाली तर?"

"लग्न काय मी जमवलं?"

"देणाऱ्याला त्याच्या रक्ताचं सांगायचं, हा नियम तुमचाच. तुम्ही सांगताय, का मी सांगू?"

डॉक्टर चष्मा पुसत खोलीबाहेर पडले.

हाजी प्रशस्तिपत्र घ्यायला आला तो फोटोवाल्याला घेऊन. सुंदुसनं फोटोवाल्याला चहाला पिटाळलं, दार लावलं आणि काय ते सांगितलं. हाजी आधी हसला. मग काठी आपटली. बहिणीचा सूड उगवतेस, म्हणाला, पिशवी बदललीस.

"बोट पुढे करा," सुंदुस म्हणाली. "तुमच्यासमोर लावते."

त्याच्या डोळ्यांदेखत नळी गढूळ झाली. तो खाली बसला. आवाज उतरला.

"मुली, हे या खोलीबाहेर जाऊ नये. उद्याच तुझ्या बहिणीला मानानं घेऊन जातो."

"सौदा करताय, हाजी? माझ्या तोंडून शब्द जाणार नाही, तुमच्या रक्ताची गोष्ट सांगायचा मला हक्कच नाही. पण भरल्या बैठकीत बुशराच्या तोंडाला काळं फासलंत, तर पुसाही तिथेच. आणि भावाला लग्नाआधी सांगा."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर दर आशुराला या रक्त द्यायला. दर वेळी तुमची पिशवी मी जाळायला पाठवीन. लोकांना कारण तुम्हीच सांगत बसा."

प्रशस्तिपत्र टेबलावरच राहिलं.

काही दिवसांनी लग्न मोडल्याची बातमी आली. हाजीनं भावाच्या कानात सांगितलं असावं. बैठकीत मात्र चकार शब्द काढला नाही. मग एका दुपारी हाजीची बहीण मिठाईचं ताट घेऊन बुशराच्या दारात उभी राहिली. झालं गेलं विसर, म्हणाली, हाजींचं मन मोठं, त्यांनी तुला माफ केलंय.

सुंदुस रुसुलचे पाय चेपत बसली होती. तिनं जीभ दाताखाली धरली. इतकी, की तोंडात रक्ताची चव आली.

बुशराला नळीतलं काहीच ठाऊक नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, "भरल्या बैठकीत माझं माहेर काढलं ना? मग भरल्या बैठकीत येऊन माफी मागा म्हणावं. ताटावर नाही यायची मी."

सुंदुस उठली, ताट उचललं आणि त्या बाईच्या हातात परत दिलं.