मागचा प्लग

व्हॅनच्या दारावर चिकटवलेला कागद वाचला आणि बिभीषण मिस्तरीच्या छातीत धस्स झालं. 'कुष्ठरोग शोध मोहीम' असं त्यावर ठळक लिहिलं होतं. नळदुर्गच्या हायवेला वीस वर्षं गॅरेज चालवणारा गडी, भरल्या ट्रकखाली बिनधास्त झोपणारा; पण त्या कागदापुढं तो दोन पावलं मागं सरला. त्यानं उजवी बाही मनगटापर्यंत ओढली आणि बटण लागलंय ना ते चाचपलं.

आता तुम्हीच सांगा, एप्रिलच्या उन्हात पूर्ण बाहीचा शर्ट घालून गॅरेजात कोण राबतं? बिभीषण चार महिने राबत होता. दिवाळीत कोपराखाली रुपयाएवढा फिकट चट्टा उठला होता, तो वाढत तळहाताएवढा झाला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर पडलं होतं, बाकीची बोटंही हळूहळू बोथट होत चालली होती. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटायची. लहानपणी गावाबाहेरच्या खोपटात राहणारा नागप्पा त्यानं बघितला होता. लोक त्याची भाकरी दगडावर ठेवून लांब सरायचे.

मग ह्या शहाण्यानं काय करावं? दवाखाना सोडून बाकी सगळं केलं. आपलं ताट-तांब्या वेगळा केला. उकडतंय म्हणून अंगणात बाजेवर झोपायला लागला. चार वर्षांची हर्षाली पायाला मिठी मारायला धावली की "हाताला ग्रीस हाय गं" म्हणून मागं सरायचा. बायको अयोध्या कारण विचारून विचारून दमली आणि शेवटी तिनं विचारायचंच सोडलं. आरोग्य खात्याच्या आशाताई ह्याच तपासणीला घरी आल्या, त्या दिवशी हा मागच्या दारानं पसार झाला होता.

आणि आज तपासणीच गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली की हो!

ड्रायव्हर गुरुलिंग खाली उतरला. "मिस्तरी, लई मिसिंग करायलीय. चढाला तर जीवच सोडती."

मागून तपासणी पथकातल्या मॅडम उतरल्या. शिवरंजनी त्यांचं नाव. "किती वेळ लागेल हो? गावात माणसं वाट बघत बसलीत."

"लगीच करून देतो. तुमी तिकडं सावलीला बसा," बिभीषण म्हणाला. त्याला एकच घाई झाली होती, ही बाई कधी एकदा नजरेआड होते याची.

त्यानं पुढची सीट उचलली. ह्या व्हॅनचं इंजिन सीटच्या खाली कोंबलेलं. इंजिन चालू ठेवून त्यानं एकेका प्लगची वायर काढून बघितली. तीन वेळा आवाज बदलला, चौथ्याला बदलला नाही. म्हणजे मागचा प्लग गेला होता. आणि मागचा म्हणजे डोकेदुखीच. एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला सायलेन्सरचा तापलेला नळा, मधल्या फटीतून उजवाच हात जातो आणि तोही कोपरापर्यंत. आत काही दिसत नाही. सगळं बोटांवर. नवा प्लग आधी बोटांनी फिरवायचा, आटे नीट धरले असं बोटांना कळलं की मगच पान्हा लावायचा. तिरपा बसला तर आतले आटे गेलेच म्हणून समजा. हे काम सगळ्या हायवेला बिभीषणसारखं कुणाला जमत नसे. "मिस्तरीच्या बोटांला डोळं हायेत," असं गुरुलिंग चारचौघांत सांगायचा.

दुसरी कुठली गाडी असती तर इंजिन गार होईपर्यंत बिभीषण थांबला असता. आज थांबला नाही. इंजिन बंद करून लांब पान्ह्यानं जुना प्लग काढला, नवा उचलला आणि हात फटीत घातला. बाही अडकली. पुन्हा घातला, पुन्हा अडकली. बटण पत्र्यात गुंतत होतं.

"बाही वर करा की," गुरुलिंग म्हणाला.

बिभीषणनं मागं वळून बघितलं. मॅडम आठ पावलांवर खुर्ची टाकून कागद चाळत होत्या. त्यांची मान खाली आहे असं बघून त्यानं झटकन बाही सरकवली आणि तितक्याच झटकन हात आत खुपसला. बरं झालं, चट्टा आत गेला.

पण आत गेल्यावर बोटं काहीच सांगेनात. प्लग भोकावर आहे की बाजूला, समजेना. फिरवला तर फिरतोय की बोटंच त्याच्यावरून घसरताहेत, तेही समजेना. देवा, एवढा एक बसू दे, तो मनात म्हणाला. त्यानं खांदा आणखी रेटला, मनगट कशावर तरी टेकवलं आणि श्वास रोखून प्लग फिरवत राहिला.

"मिस्तरी, काय जळतंय ओ?" गुरुलिंगनं नाक वर केलं.

वास बिभीषणलाही आला होता. "वायर जळाली काय रं? बॅटरीकडं बघ." तो स्वतःही मान वळवून वायरी शोधायला लागला.

मॅडम उठून आल्या. त्यांनी एकदाच वाकून बघितलं. "मिस्तरी, हात काढा. आधी हात बाहेर काढा!"

त्यानं हात काढला. करंगळीकडची मनगटाची कड नळ्यावर भाजून पांढरी पडली होती आणि कातडी सुटली होती. तो त्या हाताकडं दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघत राहिला.

मॅडमनी गुरुलिंगला शेजारच्या ढाब्यावरून गार पाणी आणायला पिटाळलं आणि बिभीषणचा हात सरळ आपल्या हातात घेतला. त्यानं हिसका दिला. त्यांनी सोडला नाही.

"कधीपासून आहे?"

"कामाच्या नादात कळलं न्हाय, मॅडम."

"मिस्तरी, मी कधीपासून विचारलं."

त्यानं हात ओढायचं सोडलं. "दिवाळीपासनं."

त्यांनी पिशवीतला कापूस काढून वात वळली. "डोळे मिटा. कापूस लागला की तिथं बोट ठेवून दाखवा."

डाव्या हाताला त्यानं प्रत्येक वेळी अचूक दाखवलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. "लावा की," तो म्हणाला.

"चट्ट्यावर चारदा लावला," मॅडम म्हणाल्या. "गोळ्या फुकट मिळतात. घेत राहिलात की हा रोग बरा होतो, आणि एकदा सुरू केल्या की दुसऱ्याला लागायची भीती राहत नाही. बोटांचं मात्र आत्ताच सांगता यायचं नाही. लवकर यायला पाहिजे होतं. घरात कोण कोण असतं?"

"बायको. आन् लेक."

"उद्या दोघींना दवाखान्यात घेऊन या. त्यांनाही तपासावं लागेल."

इतके दिवस आपण लांब राहिलो की झालं, असं त्याला वाटत होतं. आता हर्षालीचं भ्या वाटायला लागलं. चार महिने त्यानं तिला उचललं नव्हतं, पण त्याआधी? त्याआधी ती सदानकदा ह्याच हातावर असायची.

इंजिन गार झाल्यावर मागचा प्लग गुरुलिंगनं बसवला. बिभीषण शेजारी उभा राहून हळू, अजून हळू, असं सांगत होता. जाताना मॅडमनी भाजलेल्यावर पट्टी बांधली. कापसाचा एक पुंजका त्यानं गुपचूप खिशात टाकला.

ऊन कलताच गॅरेज बंद करून तो घरी गेला. अयोध्या चुलीपुढं भाकरी थापत होती. पट्टी बघून तिनं नुसत्या भुवया उंचावल्या. बिभीषण हर्षालीसमोर उकिडवा बसला.

"डोळे मिट. कापूस लागला की बोट ठेवायचं."

पोरीला खेळ भलताच आवडला. "इथं!" ती ओरडली. "इथं! इथं!" दोन्ही हात झाले, पाय झाले, पाठ झाली, गालसुद्धा झाले. ती एकदाही चुकली नाही. "पप्पा, गुदगुल्या व्हायल्यात!" म्हणून ती हसत सुटली. आज ती धड होती. उद्याचं उद्या डॉक्टर सांगतील. बिभीषणच्या डोळ्याला धार लागली.

"आता तुमचा नंबर," ती म्हणाली. तिनं कापूस हिसकावून घेतला, त्याचा पट्टीचा हात मांडीवर ओढला आणि बाही चट्ट्याच्या वर सारली. "मिटा डोळे."

त्यानं मिटले. चुलीपुढं भाकरी थापायचा आवाज थांबला.

"पप्पा, सांगा की! कवाधरनं लावायलीय म्या. सांगा की, कुठं लागतंय?"

बिभीषणनं डोळे उघडले नाहीत. "अयोध्या," तो म्हणाला, "जरा हिकडं ये. मला सांगायचंय तुला."