पिंपरी कोणती?

चाकणच्या एका कंपनीत पद्मजा क्वालिटीला होती. चुकीचं लेबल लागलेला माल ती बिनदिक्कत परत पाठवायची. घरात मात्र तिचं चालत नव्हतं, कारण वंशावळीच्या सॉफ्टवेअरचा ताबा थोरल्या भावाकडे, हरिहरकडे होता.

त्यांचे आजोबा १९३० साली औशाकडच्या पिंपरी नावाच्या खेड्यात जन्मले. जिल्हा उस्मानाबाद, राज्य निजामाचं. हरिहरने नुसतं 'पिंपरी' टाइप केलं, सॉफ्टवेअरने 'पिंपरी-चिंचवड, महाराष्ट्र' सुचवलं आणि गड्याने त्यावर बोट टेकवलं. तेव्हा हे जोडनावही नव्हतं नि महाराष्ट्र राज्यही, हे पद्मजाने सांगून पाहिलं. पिंपरी ती पिंपरीच, असं त्याचं उत्तर.

पिंपरी-चिंचवडमधल्या ताथवड्याच्या त्याच्या सोसायटीची निवडणूक तोंडावर होती, आणि हा बाबा आता 'आम्ही मूळचे इथलेच' म्हणत फिरू लागला. वडील नोकरीसाठी एका ट्रंकेनिशी इथे आलेले. आणि चिरंजीव बाहेरच्यांनी शहराची कशी वाट लावली यावर व्याख्यानं झोडायचे. वंशावळ फ्रेम करून त्याने हॉलमध्ये टांगली आणि पिंपरीगावातल्या जुन्या घराण्यातल्या बबनरावांना मुद्दाम जेवायला बोलावलं. पद्मजाही आली होती.

बबनरावांनी फ्रेम वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "तुमी पिंपरीचं म्हनता, तर तुमची भावकी कंची?"

हरिहर पाणी प्यायला. भावकी विखुरली, असं काहीतरी पुटपुटला.

"दादा, तुला सांगवत नसेल तर मी सांगते," पद्मजा म्हणाली. "आमची पिंपरी औशाकडची. आजोबा हैदराबाद संस्थानात जन्मले, निजामाच्या राज्यात."

बबनरावांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी आमटी पुन्हा मागून घेतली. हरिहर मात्र बहिणीशी बोलेनासा झाला.

पुढे एका रविवारी त्याने मोठ्या मनाने तिला बोलावलं आणि तुझी दुरुस्ती केलीय म्हणून सांगितलं. पद्मजाने त्याचा मोबाईल घेतला. आजोबांच्या नावाखाली होतं, 'हैदराबाद, तेलंगण, भारत'. यादीत तेच वर आलं म्हणे. शिवाय आपले पूर्वज निजामाच्या दरबारात होते, हे तो अर्ध्या सोसायटीला सांगूनही मोकळा झाला होता.

जन्मभर बैलांमागे चाललेल्या म्हाताऱ्याला दरबारात बसवणाऱ्याशी काय हुज्जत घालायची? पद्मजाने मोबाईल परत दिला. घरी जाऊन तिने स्वतःची वेगळी वंशावळ सुरू केली आणि यादीकडे न बघता लिहिलं: पिंपरी, तालुका औसा, जिल्हा उस्मानाबाद, हैदराबाद संस्थान. हरिहरला तिने त्यात एक चौकट दिली. पासवर्ड दिला नाही.