आडीत बसवलेला ट्रे

रामस्वामी कंत्राटदाराने फोनवर ‘आडी’ म्हटलं, तेव्हाच विद्युलताबाईंनी त्याला मनातल्या मनात नापास करून टाकलं. तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईंना माणसं नापास करायला फार वेळ लागत नसे.

“मॅडम, आडी लागला,” तो म्हणाला. “आडीत आम्ही नवीन काही बसवत नाही. सतरा ऑगस्टला आवणी लागू दे, चार माणसं घेऊन येतो. एक्केचाळीस किलोचा ट्रे आहे, चार तरी लागतीलच.”

“न्हाणीतला जुना कट्टा फोडताना नाही आठवला आडी?”

“तेव्हा आनी महिना होता, मॅडम.”

आडी हा तमिळ महिना. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत चेन्नईत लग्न नाही, गृहप्रवेश नाही, कशाचाही शुभारंभ नाही. गिऱ्हाईक फिरकत नाही म्हणून दुकानदार याच महिन्यात माल स्वस्तात काढतात. विद्युलताबाईंनी नुंगंबाक्कमच्या एका दुकानातून शॉवरखाली बसवायचा तो ट्रे घेतला होता, तोही आडीच्याच सेलमध्ये. दुकानाच्या माणसांनी तो वेलचेरीला बाईंच्या फ्लॅटवर आणून हॉलच्या भिंतीला टेकवला आणि “फिटिंग आमच्याकडे नाही” असं सांगून ते लिफ्टने खाली गेले. वस्तू विकायला चालते आणि बसवायला चालत नाही, असल्या महिन्याला बाई सण म्हणायला तयार नव्हत्या, की शास्त्रही.

पण थांबणं त्यांना परवडणारं नव्हतं. रविवारी दर्शन येणार होता.

दर्शन हा त्यांचा एकुलता एक मुलगा. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो सुरक्षा अधिकारी होता, आणि हे काम तो घरी येतानाही अंगातून काढून ठेवत नसे. मे महिन्यात न्हाणीतल्या सहा इंची कट्ट्याला अडखळून बाई पडल्या, गुडघा नारळाएवढा सुजला. तेव्हा तो बावीस प्रश्नांची छापील यादी घेऊन आला. भिंतीला एक स्टीलचा दांडा ठोकून गेला. जाताना म्हणाला, “जुलैअखेर मी तपासणीला येईन. बावीसपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ आलं, तर हा फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि तू आमच्याकडे यायचं. ठरलं.”

हे ‘ठरलं’ तो आईकडूनच शिकला होता, म्हणून बाईंना उलट बोलता आलं नाही. मात्र नवऱ्याच्या मागे नऊ वर्षं एकटीने सांभाळलेलं घर एका छापील कागदावरून सोडायचं, ही कल्पनाच त्यांना हास्यास्पद वाटत होती. यादी त्यांनी बाराव्या प्रश्नापर्यंत वाचली (‘पायपुसणे घसरते का?’) आणि फ्रिजवरच्या बरणीखाली सरकवली. दांड्याचं नाव त्यांनी ‘म्हाताऱ्यांची खुंटी’ ठेवलं आणि त्यावर पोछा वाळत घालायला सुरुवात केली.

गुरुवारी सकाळी त्यांनी साडीचा पदर खोचला, सपाटी तपासायची पाणसळ कमरेला अडकवली आणि कामाला लागल्या. सांडपाण्याच्या पाइपचं तोंड रामस्वामीच्या माणसांनी आधीच काढून ठेवलं होतं. त्याच्या भोवती बाईंनी सिमेंट-वाळूचे गोळे ओळीने मांडले आणि पुढच्या काठाशी कडप्प्याची एक पट्टी बसवली. ट्रेची पुढची कड त्या पट्टीवर टेकवायची आणि ट्रे मागच्या भिंतीकडे आडवा करायचा, एवढंच काम. वस्तूची एक कड जमिनीवर टेकलेली असली की आपल्या वाट्याला येतं ते जास्तीत जास्त अर्धं वजन. एक्केचाळीसचे साडेवीस. साडेवीस किलोसाठी चार माणसं! म्हणजे माणशी पाच किलो. रामस्वामीची माणसं तांदळाची पिशवीसुद्धा चौघांत उचलत असावीत.

ट्रे कडेवर उभा करून त्यांनी तो काथ्याच्या पायपुसण्यावर घेतला. आता प्रश्न होता, ढकलायचा की ओढायचा? हा त्यांच्यासाठी प्रश्नच नव्हता. अकरावीच्या प्रत्येक वर्गाला त्यांनी फळ्यावर मैदानावरचा रूळ काढून दाखवला होता: ढकलताना आपल्या जोराचा काही भाग वजनात भर घालतो, ओढताना तोच भाग वजन हलकं करतो. म्हणून ओढणं सोपं. बाईंनी ट्रे ओढला. हॉलमधून ओढला, बोळातून ओढला, उलट्या पावलांनी न्हाणीत शिरल्या आणि ट्रेलाही आत घेतलं. तो आडवा वळवण्यासाठी दार लोटणं भाग होतं. त्यांनी ते लोटलं. त्याच क्षणी काथ्या ओल्या फरशीवर घसरला, ट्रे धाडकन दारावर रेलला आणि त्याची वरची कड कडीच्या मुठीखाली घट्ट अडकली.

न्हाणीचं दार आतल्या बाजूला उघडणारं होतं. ट्रे उभा असेपर्यंत ते उघडणार नव्हतं. बाई आत होत्या आणि फोन बाहेर, फ्रिजवर.

ओढणाऱ्याने शेवटी कुठे पोचावं, हे त्या पाठ्यपुस्तकात कुठेच दिलेलं नव्हतं. तीस वर्षांत ते एकाही मुलाने विचारलं नाही, आणि बाईंच्याही डोक्यात आलं नाही. आज पहिल्यांदा त्यांनी स्वतःलाही नापास केलं, आणि मग लगेच फेरपरीक्षेला बसवलं.

बाहेर फोन वाजायला लागला. दहा वाजले होते. दर्शन रोज दहाला फोन करी. फोन थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. दोनदा उचलला नाही की तो काय करतो ते बाईंना ठाऊक होतं. झालंही तसंच. न्हाणीच्या झरोक्यापलीकडच्या उभ्या पोकळीतून वरच्या मजल्यावरच्या श्रीवत्स रावांचा आवाज आला. हे सोसायटीचे सचिव. तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, पेन्शनीत निघालेले बँकवाले. दर्शनने बाईंच्या घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे ठेवली होती.

“टीचरम्मा! दर्शन फोन केला होता. तुम्ही घेत नाहीत म्हणून. किल्ली घेऊन येऊं का?”

“नको! आंघोळ करतेय.”

“आंघोळ? मग तो सद्दम, तो आवाज कसला? अस्कं घर हललं की, सगळं!”

“बादली पडली.”

“बादली?” श्रीवत्स राव झरोक्याशी आणखी वाकले. “आमच्या घरची बादली तशी पडत नाही. मी सांगितलों होतों की, आडीत कामाला हात लावूं नका म्हणून.”

“आंघोळीलाही आडी आहे का तुमच्यात?”

“तसं नव्हे हो. अजून किती वेळ? मुलाला काय सांगूं?”

“अर्धा तास.”

“अर्धा तास! अय्यो, टँकरचं पाणी आहे ते, अम्मा! बरं. अर्ध्या तासांत तुमचा फोन नाही आला तर मी येतों. जयंतीलाही घेऊन येतों, बायकांची गोष्ट म्हणून.”

जयंती म्हणजे त्यांची पत्नी. ती आली की संध्याकाळपर्यंत साऱ्या इमारतीला कळणार, आणि दर्शनला त्याआधीच. ‘आई न्हाणीत कोंडली गेली होती’ एवढं एक वाक्य पुरेसं होतं, मग त्याला बावीस प्रश्नांची गरजच नव्हती. आणि सिमेंटही त्यांच्यासाठी थांबणार नव्हतं.

बाईंनी आजूबाजूला बघितलं. पाण्याचा मग, उपडी बादली आणि म्हाताऱ्यांच्या खुंटीवर पोछा म्हणून वाळत घातलेली जुनी सुती साडी. त्यांनी साडी खाली ओढली आणि तिचा पीळ करून दोर वळला. एक टोक ट्रेच्या सांडपाण्याच्या भोकातून काढून वरच्या कडेभोवती बांधलं. दुसरं टोक मागच्या भिंतीवरच्या दांड्याला दोन वेढे देऊन हातात घेतलं. मग उंदरासारखं कण-कण ओढत ट्रे मुठीखालून सोडवला. तो सरळ उभा राहिला. एक कोपरा पुढे, मग दुसरा, असा चालवत त्यांनी तो कडप्प्याच्या पट्टीवर नेला. मधे एकदा डावा अंगठा चेंगरला. त्या ओरडल्या नाहीत, कारण वर श्रीवत्स रावांचे कान होते.

मग त्यांनी ट्रे हाताने धरून निम्मा भिंतीकडे कलवला, सैल पडलेली साडी ताणून घेतली आणि बाजूला बादलीवर बसून उरलेलं काम साडीवर सोपवलं.

दांड्यावरचे दोन वेढे साडीला असे घट्ट आवळत होते, की साडेवीस किलोचा भार हातात येईपर्यंत जेमतेम एक किलोचा राहत होता. चिमटीतून साडी बोट-बोट सुटत होती आणि ट्रे एखाद्या आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखा खाली बसत होता. दांडा एवढासाही हलला नाही. दर्शनने चार ठिकाणी भोकं पाडून, गरजेपेक्षा दुप्पट लांबीचे स्क्रू घातले होते. तेव्हा बाईंनी विचारलं होतं, “इथे हत्ती बांधायचाय का?”

शेवटच्या दोन बोटांवर त्यांनी भोकातून डोकावून पाहिलं. पाइपचं तोंड बरोब्बर खाली होतं. साडी सोडली. ट्रेने गोळे दाबले आणि एक समाधानाचा उसासा टाकला. बाईंनी गाठ सोडून कापड भोकातून उपसून काढलं, चारही बाजूंना पाणसळ ठेवली, एका कोपऱ्यावर उभं राहून वजन दिलं. बुडबुडा मधोमध आला. मगभर पाणी ओतलं, ते गुमान भोकाकडे गेलं.

दार उघडून त्या बाहेर आल्या आणि फोन लावला.

“एवढा वेळ आंघोळ?” दर्शन म्हणाला.

“उकडत होतं,” बाई म्हणाल्या आणि अंगठा फ्रिजरमध्ये घातला.

दुपारी जेवताना त्यांना ते दार समोर दिसत होतं. जेवण झालं तरी त्या त्याच्याकडेच बघत होत्या. ट्रेच्या जागी त्या स्वतः दारामागे पडल्या असत्या तर? अठ्ठावन्न किलो, आणि त्यांना दांड्यावर बांधून बाजूला करायला कुणी नसतं. श्रीवत्स राव किल्ली घेऊन आले असते आणि न्हाणीच्या दाराबाहेर उभे राहून आडीवर बोलत बसले असते.

त्यांनी वेंकट सुताराला बोलावलं. आडीबद्दल आधीच विचारलं.

“दार जुनंच आहे ना, मॅडम? नुसतं बाहेरच्या बाजूला उघडेल असं करायचं. आडीला त्यात काय?” तो म्हणाला आणि शुक्रवारी दोन तासांत काम करून गेला. बाईंनी त्याला पास केलं, पण काठावर.

रविवारी दर्शन पॅड आणि पेन घेऊन आला. पायपुसणे, दिवे, गॅसची नळी. एकामागून एक खुणा पडत गेल्या. न्हाणीत तो यादीवरून नजर न काढता आईच्या मागोमाग शिरला, ट्रेवर चढला, टाचांवर दोनदा उडाला. ट्रेने दाद दिली नाही.

“छान बसवलाय. चार माणसं लागली असतील.”

“एक.”

“एकाने? कोण मिळाला आडीत?”

“आडी न पाळणारं होतं कुणीतरी. पुढे वाच.”

तो बोळात येऊन पुढे वाचत गेला, बाईंनी मागून न्हाणीचं दार लावून घेतलं. शेवटच्या प्रश्नापाशी आला तेव्हा त्याने ‘नाही’च्या रकान्यावर पेन आधीच टेकवलं होतं. हा एक प्रश्न आईला जमणार नाही याची त्याला मेपासून खात्री होती.

“बावीस. न्हाणीचे दार बाहेरच्या बाजूला उघडते का?”

बाईंनी आधी यादीकडे पाहिलं, मग दाराकडे. त्यांनी पुढे होऊन मूठ धरली आणि दार बाहेर ओढलं. ते आवाज न करता बोळात उघडलं.

“हे कधी केलंस?” त्याचं पेन तसंच राहिलं होतं.

“परवा.”

“का पण?”

बरणीखालचा कागद, त्याला पडलेला लोणच्याचा गोल डाग आणि बाराव्या प्रश्नापुढचे न वाचलेले दहा, हे सगळं बाईंच्या डोळ्यांसमोरून गेलं.

“तू लिहिलंयस म्हणून,” त्या म्हणाल्या. “सही कर.”

त्याने सही केली. तो गेल्यावर बाईंनी ती साडी धुऊन पिळली आणि सवयीने न्हाणीतल्या दांड्याकडे नेली. मग तिथून परत फिरल्या, गॅलरीत एक नवीन खिळा ठोकला आणि पोछा त्यावर टांगला.